नागपूरवाला की दुर्गवाला

७ सप्टेंबर २०१४, रविवार

वीस हजार. त्याच्या वर एक रुपयाही नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मन पातळ होणार नाही.

आज विहारात वंदना झाल्यावर केशोरावकाकांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं. काका कमिटीचे अध्यक्ष. रेल्वेतून निवृत्त झाले, पण आवाज अजून फलाटावरचाच आहे. जानेवारीत कुडव्याहून बस निघणार — सारनाथ, बोधगया, राजगीर, कुशीनगर, लुंबिनी. म्हणाले, "फोटोवाला पायजे. संघदीप, तू स्टुडिओत आहेस न गा? तुही सीट फुकट. पण कॅमेरा मोठा पायजे. समोर नळकांडं असलेला! मोबाइलवाले इथं पन्नास आहेत."

सगळे हसले. मी हो म्हणालो. सगळ्यांनी ऐकलं. आता मागे फिरता येत नाही!

मी नागपूरच्या पलीकडे कधी गेलो नाही. इकडे रायपूर, तिकडे नागपूर — संपलं. हावड्याच्या गाड्या दिवसभर घरात ऐकू येतात. कोणती गाडी आहे ते आई आवाजावरून सांगते. बसलो मात्र कधी नाही.

१० सप्टेंबर

पुरनलाल भैयांना विचारलं. त्यांच्या स्टुडिओत मी चार वर्षं आहे, पण कॅमेरा त्यांचा, कॉम्प्युटर माझा. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट, स्थळांचे फोटो. लोकांनी काढलेले चेहरे मी साफ करतो. एवढंच.

भैया म्हणाले, "क्यों रे, फोटो खींचना है कि कैमरे से शादी करनी है? कुछ भी ले ले." आणि मग स्वतःच जेवायची सुट्टी संपेपर्यंत बोलत राहिले. प्रवासाला हलका घे. लांब झूमवाला एकच घे, लेन्स बदलायची कटकट नाही. पण विहारांच्या आत अंधार असतो, तिथे छोट्या सेन्सरचे फोटो दाणेदार येतात. मोठ्या सेन्सरचा नवा वीस हजारांत बसत नाही. जुना बसतो. पण जुना म्हणजे किती जुना? किती हातांतून गेलेला? लेन्समध्ये बुरशी असली तर? कोण सांगणार?

स्टेशनच्या स्टॉलवरून कॅमेऱ्यांचं मासिक घेतलं. प्रत्येक पानावर माझं मत उलटतं. एक गोष्ट मात्र पक्की कळली — काही कॅमेऱ्यांत भिंत बरोबर येते, कागद बरोबर येतो आणि माणसाच्या कातडीचा रंग चुकतो. एकात गुलाबी, दुसऱ्यात पिवळट. हे दुकानदार कधीच सांगत नाहीत! खाली रेघ मारली.

११ सप्टेंबर

झोप नीट नाही. चुकीचा घेतला तर? एकदाच घेता येणार आहे.

१८ सप्टेंबर

ताई आली. रंजिताताई. पहिलं बाळंतपण माहेरी. हिरालाल भाऊजी सालेकशाहून पॅसेंजरनं घेऊन आले आणि दुसऱ्या गाडीनं परतही गेले. रायपूरकडच्या कारखान्यात आहेत, रजा मिळत नाही. आठवा लागला आहे.

आईनं भाताच्या गिरणीतली पाळी आजची उद्यावर ढकलली. बाबा गेल्यापासून असं पहिल्यांदाच केलं.

ताईनं माझी ही वही टेबलावर पाहिली. उघडली नाही. फक्त म्हणाली, "ऱ्हस्व-दीर्घ बरोबर लिहितोस न?" मी बारावीला इंग्रजीत नापास झालो तो झालोच. पण मराठी तिनं पाटीवर घोटून घेतलं होतं. एक वेलांटी चुकली की पूर्ण ओळ पुसायची. तेव्हा राग यायचा.

बसची गोष्ट सांगितली. तिला माझ्याहून जास्त आनंद! म्हणाली, "लुंबिनीचा फोटो आण. माह्या लेकराच्या पाळण्यावर लावू. महामाया बी माहेरीच जाऊन राहिली होती न बाळंतपणाले. बिचारीचं वाटेतच झालं. मी तं पोचली."

बुद्धाची आई महामाया त्याच्या जन्मानंतर सातव्या दिवशी गेली, हे आमच्या घरात लहान मुलालाही माहीत आहे. आई चुलीकडून ओरडली, "काहीबाही बोलू नको वो!"

ताई तोंडावर हात ठेवून हसत राहिली.

२१ सप्टेंबर, रविवार

नागपूरला जाऊन आलो. जुन्या कॅमेऱ्यांचा एक दुकानदार. आठ दिवस वापरून बघायला दिला. "पसंद नहीं आया तो वापस. पानी लगा तो तेरा." डीएसएलआर. सोबत साधी लेन्स. पट्ट्याचा रंग उडालेला, बटणांवरची अक्षरं पुसट. पण शटरचा आवाज! गाडीत पूर्ण वाट पिशवी मांडीवर धरून बसलो. शेजारचा माणूस म्हणाला, "अंडी आहेत का?"

याचं नाव ठेवलं — नागपूरवाला. कारण भैयांच्या ओळखीचा दुर्गचा एक फोटोग्राफरही त्याचा जुना विकतो आहे. तो दुर्गवाला. दोघांतला एक.

२२ सप्टेंबर

अंगणातल्या भिंतीला वर्तमानपत्र चिकटवलं. कोपऱ्यातली अक्षरं मधल्याइतकी स्पष्ट येतात का ते बघायला. स्टुलावर कॅमेरा. एक फोटो, मग थोडं मागे, मग पुन्हा. ताई खाटेवर बसून बघत होती.

"इतकं तपासून तं माह्यासाठी नवरा नाही पाहिला तुमी!"

आई हसता हसता पदर डोळ्याला लावायला लागली. मीही हसलो. मग मागून एकटाच विचार करत बसलो की उजवा वरचा कोपरा जरा मऊ का येतो.

२३ सप्टेंबर

ताईनं काही खाल्लं नाही. तोंडाला चव नाही म्हणते. अंग कोमट. उन्हाळी लागली म्हणून आईनं धण्याचं पाणी दिलं. "पोटुशीले होते असं. तुह्या वेळेस मी महिनाभर आंबील पिऊन होती." असेल.

२५ सप्टेंबर

आज चेहऱ्याची परीक्षा. प्रवासात माणसंच जास्त येणार — यात्रेकरू, भन्ते, चहावाले. ताईला बसवलं. एक फोटो बल्बखाली, एक खिडकीशी, एक दारात. एक कोरा ड्रॉइंगचा कागद तिच्या हातात देऊन — त्याचा पांढरा रंग पांढराच यायला हवा, अशी ती परीक्षा असते.

ती थकली लवकर. म्हणाली, "आता पुरे, गा. हात दुखून राहिले." कागद हलका होता.

२६ सप्टेंबर

सापडलं!!

स्टुडिओत कालचे फोटो मोठ्या पडद्यावर उघडले. ताईचा चेहरा पिवळट. डोळ्यांतलं पांढरं तर फारच. आधी वाटलं, बल्बचा उजेड. पण खिडकीशी काढलेल्यातही तेच. दारातल्यातही तेच. मग कागदाचा फोटो उघडला — कागद पांढरा स्वच्छ! म्हणजे उजेडाचा दोष नाही. कागद बरोबर आणि कातडी पिवळी. मासिकात लिहिलं होतं, अगदी तेच. नागपूरवाल्याचा रंगच तसा आहे. मी किती वेळा भैयांना म्हणालो की तपासल्याशिवाय घेऊ नये. "हाँ भई, तू तो डॉक्टर है कैमरे का," म्हणाले.

फोटो तसाच ठेवायला बरं वाटेना. आमच्याकडे प्रिंटला जाणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याचे आँख-दाँत साफ करतात. नवरी असो, पासपोर्ट असो, भैयांचा नियम — डोळे पांढरे, दात पांढरे. हात आपोआप गेला. कातडीतला पिवळा उतरवला, डोळे साफ केले. ताई आधीसारखी दिसायला लागली. एक प्रिंट काढली.

संध्याकाळी घरी आलो तर आई म्हणाली, "पोरगी पिवळी दिसून राहिली मले." ताई म्हणाली, "मले बी आरशात वाटलं. संघ्या, पाय बरं माहे डोळे."

मी प्रिंट तिच्या हातात दिली. "हे पाय. हा तुझा खरा रंग. घरातला बल्ब पिवळा आहे, आरसा जुनाट आहे. आणि तो कॅमेराही पिवळाच दाखवतो, म्हणून परत करून राहिलो."

तिनं खूप वेळ बघितलं. "बरी दिसते न मी?"

आईनं प्रिंट दिव्याजवळ नेली, मग हात लांब करून धरली. "यात तं पांढरे आहेत. मंग माहेच डोळे गेले असतील. शामकलाले मोतीबिंदू झाला तवा तिले बी सारं पिवळंच दिसे."

शामकलामावशी म्हणजे शेजारची. तिचं गेल्या वर्षी ऑपरेशन झालं. डोळ्यांचं शिबिर पुन्हा कधी आहे ते तिला विचारायचं. आईला न्यायचं. विसरायचं नाही.

फोटो भाऊजींना मोबाइलवर पाठवला. त्यांचं उत्तर — "मस्त. माहेरचं पाणी मानवलं."

२८ सप्टेंबर, रविवार

नागपूरवाला परत केला. दुकानदाराला स्किन टोनचं समजावलं. तो ऐकून घेत होता, मग म्हणाला, "भाई, इसमें कोई फॉल्ट नहीं है. तेरी आँख में होगा." मी वाद घातला नाही. पुरावा माझ्याजवळ आहे.

ताईनं विचारलं, "आता?" म्हटलं, आता दुर्गवाला. म्हणाली, "दसऱ्याआधी आण. विहारात पांढऱ्या साडीतला एक फोटो काढ माहा. पोटासकट. मंग लेकराले दाखवीन — पाय, तू इथं होतास."

१ ऑक्टोबर

दुर्गवाला आला. जड आहे. त्याच्या मालकानं भैयांच्या हाती पाठवला, दसऱ्यापर्यंत वापर म्हणून. निरोप — "दो सौ दुल्हन देख चुका है ये, और एक यात्रा भी देख लेगा."

ताईला दोन वेळा उलटी. आई गावातल्या नर्सबाईंकडे जाऊन आली. त्या निवडणुकीच्या प्रचाराच्या गर्दीत कुठे भेटल्याच नाहीत. गुरुवार-शुक्रवार सुट्टी, शनिवारी नेऊ असं ठरलं.

२ ऑक्टोबर

ताई दिवसभर झोपून. पांढरी साडी धुऊन, इस्त्री करून खुर्चीवर ठेवली आहे.

३ ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन

सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहितो आहे. वही पिशवीत कॅमेऱ्याबरोबर होती.

सकाळी विहारासमोर बायका पांढऱ्या साड्यांत रांगेनं उभ्या राहिल्या. उघडं ऊन, ढग नाही. ताई हट्टानं आली. शामकलामावशीच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. मी दुर्गवाल्यानं रांगेचा फोटो काढला आणि सवयीप्रमाणे मागच्या पडद्यावर मोठा करून बघितला — फोकस डोळ्यांवर बसला आहे का म्हणून. आधी मावशीचे डोळे आले. स्वच्छ. बाजूला सरकवलं. ताईचे आले.

पुन्हा मावशीकडे गेलो. पुन्हा ताईकडे.

साड्या पांढऱ्या. मागची भिंत पांढरी. मावशीचे डोळे पांढरे. ताईचे तेवढे पिवळे. हळद कालवल्यासारखे. एकाच उन्हात, एकाच फोटोत.

कॅमेरा खाली केला आणि नुसतं बघितलं. तेच होतं.

किती दिवसांनी मी तिच्याकडे नुसतं बघितलं?

काय बोललो आठवत नाही. केशोरावकाकांनी त्यांची व्हॅन काढली. वाटेत ताई म्हणत होती, "फोटो आला का चांगला?" डॉक्टरांनी पापणी खाली ओढली, लगेच सोडली. विचारलं, "पिवळं कधीपासून आहे?"

आईनं माझ्याकडे बघितलं.

मग मीच म्हणालो, आठ-दहा दिवस.

४ ऑक्टोबर

कावीळ. पाण्यातून होते म्हणाले. एरवी माणूस बरा होतो, पण गरोदर बाईला या दिवसांत झाली तर यकृत एकदम बसतं. नागपूरला न्या. अँब्युलन्समध्ये आई पुढे, मी ताईजवळ. तुमसर रोडपर्यंत बोलत होती. भंडाऱ्यानंतर तेच तेच विचारायला लागली — "बस गेली का गा? बस गेली का?" मी म्हणालो, नाही गेली. जानेवारीत आहे.

"मंग इतक्या घाईनं कुठं चाललो आपण?"

५ ऑक्टोबर

भाऊजी पोचले. ताईनं त्यांना ओळखलं नाही. भाऊजींनी खिशातून मोबाइल काढला, मी पाठवलेला फोटो उघडला, आणि फोटोकडे, तिच्याकडे, फोटोकडे बघत राहिले. "आठच दिवस झाले, संघदीप. आठ दिवसांत असं होते?"

मी बाहेर आलो. व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. तिथे भिंतीवर निळा रंग होता. पोपडे आलेले.

६ ऑक्टोबर

मुलगी झाली. दिवस भरण्याआधीच झाली. वजन कमी, काचेच्या पेटीत ठेवली आहे. ताई शुद्धीवर नाही.

८ ऑक्टोबर, आश्विन पौर्णिमा

ताई गेली.

९ ऑक्टोबर

डॉक्टर शांत होते. चिडणारे नव्हते. मी त्यांना जिन्यात गाठलं. विचारलं, आठ दिवस आधी आणली असती तर? ते जिन्यात थांबले. म्हणाले, "सांगता येत नाही. या आजारात कधी कधी लवकर आणूनही काही हाती लागत नाही. कधी लागतं."

'नाही' म्हणाले असते तर मी ते धरून बसलो असतो. 'हो' म्हणाले असते तरी. त्यांनी खरं सांगितलं. खरं तेवढंच आहे.

१३ ऑक्टोबर

दुर्गवाला पुसून, त्याच्या डब्यात घालून भैयांना दिला. कार्डातले फोटो उतरवून घेतले. ते म्हणाले, "काम पे कब आएगा?" मग लगेच, "जब आना हो तब आ."

१७ ऑक्टोबर

परवा ताईसाठी पुण्यानुमोदन, श्रद्धांजलीचा कार्यक्रम. फोटो लागतो. भाऊजी म्हणाले, "तू मोबाइलवर पाठवला होतास तोच मोठा कर. त्यात ती चांगली दिसून राहिली."

मी म्हणालो, पांढऱ्या साडीतला आहे. ते म्हणाले, "नाही. त्यात ती आजारी दिसते."

कॉम्प्युटरमध्ये दोन फाइली आहेत. एक मूळ, एक साफ केलेली. नावंही तशीच दिली आहेत — मीच दिली, मला सगळं नीट नावं देऊन ठेवायची सवय आहे. मूळ उघडली. कोरा कागद धरून बसली आहे. डोळे पिवळे, आणि थेट माझ्याकडे बघते आहे.

साफ केलेली छापली. चौकट करून घेतली.

१९ ऑक्टोबर, रविवार

भन्तेंनी परित्राण पाठ घेतला. लोक आले. प्रत्येकजण फोटोपुढे मेणबत्ती लावून हेच म्हणाला — किती चांगली दिसून राहिली होती! काही आजारी वाटत नाही! फोटो कोणी काढला?

"माह्या पोरानं काढला," आई सांगत होती. प्रत्येकाला.

२ नोव्हेंबर

मुलीला घरी आणलं. भाऊजींच्या घरी कोणी बाई नाही, म्हणून ती आमच्याकडे. आईनं गिरणी सोडली. नाव अजून ठेवलेलं नाही. आई चिमी म्हणते. नखं तांदळाच्या कणीएवढी. रडते तेव्हा आवाज येत नाही, नुसतं तोंड उघडतं, मग उशिरानं आवाज.

मी तिला रोज सकाळी दारात नेतो. उन्हात. पापणी हलकेच वर करतो. पांढरे आहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघतो. आई म्हणते, "झोपू दे रे तिले."

९ नोव्हेंबर

नागपूरच्या दुकानदाराला फोन केला. सांगितलं की कॅमेऱ्यात दोष नव्हता. चूक माझी.

"वो तो मैंने उसी दिन बोला था, भाई. बिक गया वो." आणि मग — "दूसरा आया है, दिखाऊँ?"

म्हटलं, नको.

२६ नोव्हेंबर

भैया चिडले. "स्पीड कम हो गई तेरी. एक अल्बम को चार दिन?"

खरं आहे. आता आधी मूळ फोटो बघतो. प्रत्येकाचा — नवरी, करवल्या, मागे वाढणारे वाढपी. एकेकाचे डोळे मोठे करून. मग साफ करतो. साफ करणं सोडलेलं नाही. पगार त्याचाच आहे.

११ जानेवारी २०१५, रविवार

बस गेली.

मी निरोप द्यायला गेलो होतो. केशोरावकाकांनी ड्रायव्हरच्या मागची खिडकीची सीट रिकामी ठेवली होती. शेवटपर्यंत कोणाला बसू दिलं नाही. खाली उतरून माझ्याजवळ आले, पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "चाल न गा. कॅमेरा नसला तं नसला. नुसता चाल."

म्हटलं, घरी चिमी लहान आहे.

"मंग फोटो कोण काढंल?"

मागून कोणीतरी ओरडलं, "मोबाइल आहेत न पन्नास!" कोणी हसलं नाही. दार लागलं. 'साधू साधू' चा आवाज नाक्यापर्यंत ऐकू येत होता.

२५ जानेवारी, रविवार

काका लुंबिनीचा फोटो घेऊन आले. त्यांनी स्वतः काढला, मोबाइलवर. गोरखपूरला उतरून छापून घेतला म्हणे. झाड अर्धं कापलेलं, तळं वाकडं — पाणी एका बाजूनं सांडेल असं वाटतं. खालच्या कोपऱ्यात त्यांचं बोट. झाडाखाली एक बाई तान्हं मूल घेऊन उभी आहे, तिचा चेहराही हलला आहे.

आधीचा असतो तर मी यातल्या अकरा चुका सांगितल्या असत्या.

आईनं तो पाळण्याच्या वर खिळ्याला टांगला. चिमी बघते. तिला तो आवडतो असं आई म्हणते. पाळणा हलला की फोटोही हलतो, म्हणून असेल.

समोरच्या भिंतीवर ताई आहे. पांढऱ्या डोळ्यांची.

८ फेब्रुवारी, रविवार

आईला डोळ्यांच्या शिबिरात नेलं. चिमीला आता तिनंच सांभाळायचं, मोतीबिंदू वेळेत निघालेला बरा, म्हणून. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत बत्ती मारून तपासलं. अक्षरांऐवजी चित्रं ओळखायला लावली. रंगही विचारले. सगळं बरोबर. म्हणाले, मोतीबिंदूचा मागमूस नाही. बाईंची नजर चांगली आहे.

परत येताना आई गाडीवर माझ्या मागे बसली होती. चिमीला पदराखाली घेतलं होतं. कुडवा नाक्यावर मी गाडी हळू केली, तेव्हा मागून म्हणाली —

"म्हंजे मले बरोबरच दिसत होतं, बाबू."